कुंदा आणि कादंबरीतला भाऊसाहेब

कुंदा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडात नाचणीचा लाडू होता. पोषण महिना चालू होता. रोह्याजवळच्या एका गावात, समाजमंदिरात, अंगणवाडीच्या बायकांनी पाककृती मांडल्या होत्या आणि पर्यवेक्षिका म्हणून प्रत्येक ताटलीतला घास खाऊन मला नंबर काढायचे होते. फोन वाजला. कुंदाची धाकटी बहीण विमल होती. "शैलाताय, ताई गेली गो... सकाळी चहा टाकला नि तिथंच खाली बसली." मी 'बरं, येते' म्हटलं, लाडू गिळला आणि पुढच्या ताटलीपाशी गेले. त्यात शेवग्याच्या पाल्याची थालीपीठं होती. त्यांना पहिला नंबर देऊन टाकला, कारण त्यापुढचं काही चाखणं जमणार नव्हतं. बक्षिसं वाटली, फोटोला उभी राहिले आणि मग निघाले. हे आधीच सांगते, म्हणजे मी कशी बाई आहे ते वाचणाऱ्याला सुरुवातीलाच कळेल. आतलं बाहेर दिसू न देण्याची मला लहानपणापासून सवय आहे. नोकरीत तिचा फायदा झाला. आणि त्याच सवयीपायी एका चांगल्या माणसाचं नाव गावात खराब झालं, ते तसंच राहिलं.

कुंदा रोह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची. तिची शोकसभा कॉलेजच्याच सभागृहात झाली. शाळेपासूनची मैत्रीण म्हणून मला व्यासपीठावर बसवलं होतं. एक गृहस्थ बोलायला उठले. बाईंची विद्वत्ता, बाईंची शिस्त, सगळं म्हणून झाल्यावर जरा थांबले आणि म्हणाले, "फक्त त्या एका प्रकरणात बाईंची थोडी घाई झाली... असो." पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या 'असो'चा अर्थ सांगितला, "पोलीस घालून पोरीचा संसार मोडला न तिनं!" माझी पाळी आली तेव्हा कुंदा साहित्यावर किती प्रेम करायची यावर मी बोलले. नीटनेटकं बोलले, टाळ्या वाजवायचा प्रसंग नव्हता म्हणून वाजल्या नाहीत इतकंच. कुंदाने कुणाचा संसार मोडला नव्हता. जे बिघडलं ते तिच्या आधी, माझ्या हातून बिघडलं होतं, आणि ते सांगू शकणारी त्या सभागृहात मी एकटीच होते. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी कुंदाच्या आठवणी लिहून द्याल का, असं विचारणारा फोन त्यानंतर आला. दोन वेळा लिहिलं ते शोकसभेसारखंच झालं. हा तिसरा प्रयत्न.

आम्ही दोघी पेणच्या. म्हणजे मी पेणची, माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर, आजोबांच्या वेळची थोडी जमीन कुळांकडे गेलेली, थोडी राहिलेली. कुंदा आतल्या गावातून एसटीने यायची. घरी भातशेती, भात निघालं की वाल. तिच्या दप्तराला वालाच्या बिरड्याचा वास यायचा आणि वर्गातली मुलं नाक धरायची. "धरा धरा," ती म्हणायची, "संध्याकाळी घरी जाऊन तुमच्या आयशीकडं तेच मागाल." शुद्ध बोलायला ती माझ्याकडून शिकली, असं माझे वडील अभिमानाने सांगायचे. चिडली की मात्र ती हमखास आपल्या बोलीवर यायची. पुढे मराठीची प्राध्यापिका झाल्यावरही. त्यामुळे तिला खरंच राग आलाय की नुसता वाद घालायचाय, हे मला लगेच समजायचं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक जुनी कादंबरी होती. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिच्यावर जीव असलेली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी मला भांडायचं नाही. गोष्ट थोडक्यात अशी. खाडीकाठच्या गावातल्या गोदी नावाच्या मुलीचं लग्न तिचा चुलता एका म्हाताऱ्या बिजवराशी ठरवतो. शहरातून भाऊसाहेब नावाचे वकील येतात, भर मांडवात भाषण करतात आणि लग्न मोडतात. ते भाषण चार पानं आहे आणि खरोखर सुंदर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब होडीने परत जातात. त्यानंतर अर्धी कादंबरी उरते. लग्न मोडलेली गोदी चुलत्याच्या घरात पडून राहते, घरातल्याच एका माणसाकडून तिला दिवस जातात, तिला आत्याकडे माळ्यावर लपवतात, आणि शेवटी ती मेल्याची बातमी भाऊसाहेबांना कोर्टाच्या पायऱ्यांवर कळते. ते डोळे पुसतात. पुस्तक संपतं. मी ते वाचून रात्रभर रडले होते. कुंदाने वाचून पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "शैले, तू कुणासाठी रडलीस ते बघ. त्याच्यासाठी. लेखकानं पण त्याच्यासाठीच रडवलंय. ती मेली ती दीड ओळीत." मी म्हटलं, तुला भाषेची समज नाही. त्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेत भाऊसाहेबांचं भाषण पाठ म्हणून मी पहिली आले. 'ही हळद नव्हे, ही राख आहे!' या वाक्याशी हात वर न्यायचा, असं वडिलांनी शिकवलं होतं. न्यायचे.

पुढे ती रोह्यात शिकवायला लागली, मी बालविकास खात्यात लागले आणि योगायोगाने काही वर्षांनी माझीही बदली रोह्याला झाली. ती एकटी राहायची, कॉलेजच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत. लग्नाचा विषय निघाला की 'मला विचारायला कोणी आलंच नाय, नि आलं ते बघायला आलं' एवढंच म्हणायची. पाठ्यपुस्तकात त्या कादंबरीतला एकच उतारा होता, अर्थात भाषणाचा. कुंदा तेवढ्यावर थांबायची नाही. उरलेली गोष्ट ती वर्गात तोंडी सांगायची आणि मग विचारायची, "भाऊसाहेब होडीत बसले. त्या दुपारी गोदीला जेवायला कोणी वाढलं?" मुलं हसायची. पुस्तकात लिहिलेलंच नाही. "नाय लिहिलेलं," ती म्हणायची, "म्हणून तर विचारते." एकदा तिने वर्गाला विचारलं की आज आपल्याकडे भाऊसाहेब कोण? कुणी पोलीस म्हणालं, कुणी सरपंच. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "शैलामॅडम!" मी तेव्हा दोन-तीन लग्नं थांबवली होती आणि गावागावात मला ओळखत. कुंदा हे मला सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. मला तो मान वाटला होता.

आता त्या मुलीकडे येते. तिला मी श्रेया म्हणणार आहे. हे नाव तिनेच निवडून दिलं आहे. निडी स्टेशनपासून थोडं आत तिचं गाव, घरी शेती, ती कुंदाच्या वर्गात अकरावीला. ज्या गाडीने ती रोह्याहून घरी जायची त्याच गाडीने धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे लागलेला एक मुलगा फर्स्ट शिफ्टहून परतायचा. तोही फार मोठा नव्हता. अकरावीची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात एके दिवशी कुणीतरी हेल्पलाइनला फोन करून कळवलं की अमुक गावात सतरा न भरलेल्या मुलीची हळद लागतेय, उद्या लग्न. ग्रामसेवक, एक हवालदार, तिथली अंगणवाडी सेविका आणि मी, असे आम्ही दुपारी पोचलो. मांडव घातलेला, डीजेवाला पोरगा वायरी जोडत होता, मुलाकडची उष्टी हळद नुकतीच येऊन मुलीला लावून झाली होती. आमची गाडी बघून बायकांची गाणी थांबली. "आले सायब," कुणीतरी म्हणालं, "आता नवरीऐवजी आचाऱ्याला न्या, त्यानं वरणात मीठ नाय घातलंय." 

नियमाप्रमाणे मुलीशी आधी एकटीशी बोलायचं असतं. मी तिला आतल्या खोलीत नेलं. आई उंबऱ्यातच उभी राहिली, तिला जा म्हटलं तरी गेली नाही. मुलगी चटईवर बसली, अंगभर हळद, आणि ओला हात तोंडावर दाबून धरलेला. बाहेर कढईत तेल तापत होतं. तिच्यामागे कोनाड्यात मीठ लावलेली कैरी होती, अर्धी खाल्लेली. इतकी वर्षं मी गरोदर बायकांतच काम केलं आहे. कुणी सांगावं लागत नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तिच्या आईकडे पाहिलं, आणि आई माझ्याकडे बघत होती ती नजर लग्न मोडेल या भीतीची नव्हती. मुलगी म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं व्हतं..."

मी म्हटलं, "आता काही सांगू नकोस. घाबरू नकोस. सगळं ठीक होईल." आणि उठून बाहेर आले.

हेच मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती काय सांगणार आहे हे मला माहीत होतं. तिने तोंडाने म्हटलं असतं तर मला ते कळवावं लागलं असतं. अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे हे समजल्यावर न कळवणं हा गुन्हाच आहे. मग गुन्हा नोंदवला जाणार, त्या मुलाला अटक, दवाखाना, समिती, जबाब... आणि लग्न थांबवण्याचं जे साधं सरळ काम होतं त्याचं भलतंच काहीतरी होणार. कायदा मुलींसाठी केलाय, वाईट हेतूने नाही. पण आमच्याकडे सगळ्यांनी मिळून त्यावर एक तोड काढली आहे. समजलं तर कळवावं लागतं, म्हणून समजूनच घ्यायचं नाही. आई समजून घेत नाही, आशाताई घेत नाही, डॉक्टर वय एकोणीस लिहून मोकळा होतो. आणि मुलगी आठव्या महिन्यात, पाय सुजलेले घेऊन, कुठल्यातरी दारात उभी राहते. हे मला कुणी शिकवायला नको होतं, मी प्रशिक्षणात दुसऱ्यांना शिकवत होते. त्या दिवशी श्रेयाला दोन महिनेही झाले नव्हते. काय करायचं ते ठरवायला तिच्यापाशी वेळ होता. तो मी उठून बाहेर आले तेव्हा संपला.

बाहेर मांडवात मला बोलायचं होतं. शब्द सुचेनात, आणि तोंडातून आपोआप पाठ असलेलं निघालं. "ही हळद नव्हे, ही राख आहे!" हातसुद्धा वर गेला.  कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि दुसऱ्या दिवशी ते जिल्हाभर फिरलं. पुढे मला शाल-श्रीफळ मिळालं. त्या मांडवातल्या बायकांनी मात्र वेगळंच ऐकलं होतं. अंगाला लागलेल्या हळदीला राख म्हणणं म्हणजे जितेपणी मुलीवर पाणी सोडणं, आणि तेही भरल्या मांडवात, पाच सवाष्णींदेखत. पुस्तकातल्या गावाने ते वाक्य ऐकून माना खाली घातल्या होत्या. खऱ्या गावाने माझा शाप म्हणून ते लक्षात ठेवलं. अठरा भरेपर्यंत लग्न करणार नाही अशी घरच्यांकडून हमी लिहून घेतली, आम्ही निघालो. हळद उतरवायची ती लग्न लागल्यावर. लग्नच नाही तर ती कधी उतरवायची आणि कुणी, हे कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मुलगी तशीच बसून होती. शेवटी तिने स्वतःच विहिरीवर जाऊन अंग धुतलं... हे मला कुंदाने नंतर सांगितलं.

मुलाकडच्यांनी पोलीस बघून पाय मागे घेतला. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, श्रेया आली नाही. कुंदा तिच्या घरी गेली, तर 'मावशीकडे गेलीय' हे उत्तर. कुठली मावशी ते कुणी सांगेना. वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, हमरापूरला, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. गणपती तोंडावर आले होते, तिकडे श्वास घ्यायला सवड नव्हती. कुंदा शेडमध्ये शिरली. पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, आणि सगळ्यात मोठ्या मूर्तींच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसू नये अशा बेताने बसवलेली ही मुलगी. उंदरांना रंग देत होती. पोट गुडघ्यांना टेकत होतं. मावशी हात जोडून म्हणाली, "बाय, जाव द्या ना. मोकली झाली की पोर देव कुनाला तरी. तुमी बघितलंच नाय असं समजा."

कुंदाला न बघता येणं जमत नसे. ती मुलीसमोर खाली बसली. दवाखान्यात कधी गेलीस का? नाही. काय होतंय? "डोकं लय दुखतंय बाई. नि एक उंदीर दोन-दोन दिसतात." मुलगी हे सांगताना हसली होती म्हणे. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. कुंदाने तिला सगळं आधी सांगितलं: दवाखान्यात नेलं की पोलिसांना कळवतील, त्याला धरतील, तुला पुन्हा पुन्हा विचारतील, गावभर होईल. येशील का? मुलीने विचारलं, "त्याला मारतील?"

"मला नाय ठाऊक," कुंदा म्हणाली. "खोटं नाय सांगणार तुला."

मुलीने कुंचला पाण्यात बुडवून स्वच्छ केला, आणि उठली. तिला रिक्षाने पेणला, तिथून अलिबागला नेलं. रक्तदाब इतका वाढला होता की डॉक्टर कुंदालाच आई समजून तिच्यावर ओरडले. तिने ते ऐकून घेतलं. मुलगी वाचली. आठव्या महिन्यात मूल झालं, लहानसं, बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं, तेही वाचलं. मुलगा पकडला गेला, नोकरी गेली, काही महिन्यांनी जामिनावर सुटला तो इकडे फिरकला नाही. आणि गावाच्या हिशेबाने या सगळ्याची सुरुवात कुंदापासून झाली. लग्न थांबवणाऱ्या मॅडमनी फक्त लग्न थांबवलं होतं. घरात पोलीस आणले ते बाईंनी. गावकीने ठरवून तिच्या जादा तासांना मुली पाठवणं बंद केलं. कॉलेजने तिला मुलींच्या समितीवरून हलवलं. बाजारात कोळणी सुद्धा 'या बाईला सुरमई देव नको, पोलिसाला दील' अशी थट्टा करायच्या, आणि कुंदा म्हणायची, "दे गो, पोलीस बांगडाच खातो." 

अलिबागहून परतली त्या संध्याकाळी ती थेट माझ्याकडे आली होती. चहा घेतला. मग तिने विचारलं, "शैले, तुला त्या दिवशी कायच दिसलं नाय?" तिची बोली आली होती. मी म्हटलं, "नाही गं. दिसलं असतं तर मी सोडलं असतं का?" तिने कप विसळून पालथा घातला आणि निघून गेली. तो प्रश्न तिने पुन्हा कधी काढला नाही. मैत्री होती तशी राहिली, म्हणजे वरून. एकदा तालुक्याच्या बैठकीत ती पाहुणी म्हणून आली आणि उभी राहून म्हणाली, "एक करा. ज्या घरचं लग्न तुम्ही थांबवता, त्या घरी महिन्याभराने पुन्हा जा. भाषण नको, पत्रक नको. चहा प्यायला जा, नि मुलीला एकटीला विचारा, कशी आहेस. आणि तिने काही सांगितलं तर पहिला फोन दवाखान्याला करा, नंतरचा बाकीच्यांना. पुस्तकातल्या गोदीला एवढंच कमी पडलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सूचना चांगली आहे, पण तशी तरतूद नाही." तरतूद खरंच नव्हती. थांबवलेलं लग्न मोजलं जातं, थांबलेल्या मुलीचं पुढे काय झालं हे विचारणारं वरून कोणी येत नाही. पण चहा प्यायला तरतूद लागत नाही, हे मलाही समजत होतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी विमलला मदत करायला मी कुंदाच्या खोल्यांवर गेले. घरमालकाला जागा हवी होती. खाटेच्या कडेला शब्दकोशाचे जाड खंड एका ओळीत उभे लावलेले होते, डोक्यापासून पायापर्यंत. विमल म्हणाली, "बघा, निजताना पण पुस्तकं लागायची तिला." आम्ही ते उचलून खोक्यात भरायला लागलो तेवढ्यात दारात श्रेया उभी राहिली. कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी. मला बघून ती परत वळली, मग थांबली. "माझं पुस्तक ऱ्हायलंय हितं," ती म्हणाली. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती यंदा बाहेरून बारावीला बसणार आहे, आणि वर्षभर दर रविवारी निडीहून गाडीने येऊन कुंदाकडे शिकत होती, हे मला तेव्हा कळलं. बाळंतपणानंतर महिन्याभराने कुंदा तिच्या घरी गेली होती. श्रेयाने तिच्या तोंडावर दार लावलं. कुंदा पुढच्या महिन्यात पुन्हा गेली. "किती यायच्या! माझी आयस म्हणायची, हिला चहा तरी दे, नायतर उंबरा झिजंल."

विमल आत चहा ठेवायला गेली आणि मी तिथेच, उभ्या उभ्या, तिला सांगितलं. त्या दिवशी तू काय सांगणार होतीस ते मला माहीत होतं, म्हणून मी तुला बोलू दिलं नाही. इतक्या दिवसांत इतकं लहान वाक्य मला जमलं नव्हतं. ती रागावेल, रडेल, असं काही मला वाटलं होतं. ती म्हणाली, "ठाव हाय. मी बाईंना कवाच सांगितलेलं. दवाखान्यात जाताना रिक्षातच."

म्हणजे त्या संध्याकाळी कुंदा माझ्याकडे चहा घेत बसली होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग ती काय म्हणाली? "काय नाय. मीच एकदा म्हटलं, बाई, लोक तुमाला शिव्या देतात, तुमी त्या मॅडमचं नाव का नाय सांगत? तर म्हणाल्या, तिला उत्तर येतंय. शाळेपासनं तिला उत्तर येतं, हात वर करायलाच वेळ लागतो."

 मी विचारलं, हे सगळं मी लिहिलं तर चालेल का. यात तुझं आहे, तू नको म्हणालीस तर लिहिणार नाही. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "लिवा. पण नाव बदला. नि वाचून माझी कीव येईल असं नका लिवू. त्याला पण राक्षस करू नका, घाबरट व्हता, बाकी काय नाय." मग म्हणाली, "नि बाईंनी काय केलं ते बरोबर लिवा. मी आले व्हते त्यांच्यासंगं. मला उचलून नाय नेलं कोणी." तसं लिहिलं आहे. माझ्या वरिष्ठांनाही आधी कळवलं आहे. त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये. त्याचं जे व्हायचं ते होईल.

तिचं पुस्तक सापडलं. ती कादंबरीच होती, कुंदाची जुनी प्रत. श्रेया म्हणाली, "मला तो भाऊसाहेब आवडला. बाईंशी लय भांडण झालं त्याच्यावरनं. मी म्हटलं, परत गेला ते वाईट, पन आला तरी ना. बाकीच्या गावातनं कोण उठलं?" मी विचारलं, मग? "मग हसल्या नि म्हणाल्या, पेपरात अस्संच लिव, मार्क कमी पडले तर मी भांडते." तिच्या खांद्यावर मुलगी पेंगायला लागली होती. अजून व्याकरण राहिलंय, निबंध राहिलेत, आता कोण शिकवणार, असं मी विचारलं तर तिने खांदे उडवले. मी म्हटलं, मी येईन रविवारी, तुझी हरकत नसेल तर. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही. मुलीला खाटेवर निजवलं आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"इथली जाडी पुस्तकं कुठं गेली?"

मी खोक्याकडे बोट दाखवलं.

"काढा ती," श्रेया म्हणाली. "बाई कडेला लावायच्या. ही लोळत लोळत खाली येते." मी खोक्यातून एकेक खंड काढून देऊ लागले आणि ती ते खाटेच्या कडेला उभे करू लागली. एक मी चुकून भिंतीकडच्या बाजूला ठेवला. "तिकडं नको, मॅडम. तिकडनं नाय पडत ती. हिकडं या."